रात्रीचें छायाचित्र आणि अंजनवेलचा दिवा



वाशिष्ठी नदी ज्या ठिकाणीं समुद्रास मिळते, त्या खाडीच्या उत्तर तीरावर दाभोळ आणि दक्षिण तीरावर अंजनवेल, अशीं दोन जुनीं गांवें समोरासमोर वसलीं आहेत. अंजनवेलच्या बाजूस जमिनीचें एक टोंक समुद्रांत घुसलें आहे. त्याच्या माथ्यावर टाळकेश्वराचें देऊळ आहे आणि देवळापासून जवळच दीपगृह. दर्यावर्दी लोकांच्या नकाशांत ह्या जागेस ‘टोळकेश्वर पॉइंट’ असें नांव आहे. दिवसा येथें येणारा मनुष्य देवदर्शन करतो, गोपाळगडाची तटबंदी पाहतो आणि परततो. परंतु अलीकडे कांहीं मंडळी दिवस मावळल्यावर येथें येऊं लागलीं आहेत. त्यांच्या खांद्यावर कॅमेरा आणि कांखेंत तिपाई असते. एक एक चित्र घेण्यास तीं पांच मिनिटें, दहा मिनिटें, प्रसंगीं अर्धा तासहि कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवून अंधारांत स्वस्थ बसून राहतात. ह्या छंदाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतून आपणां सर्वांनाच विचार करावयास लावील असा एक प्रश्न निघतो. आज त्याविषयींच बोलावयाचें आहे.

छायाचित्र म्हणजे एका क्षणाचें चित्र, अशी आपली समजूत असते. आरंभीं गोष्ट अगदीं उलट होती. फ्रान्समध्यें नीप्स नांवाच्या गृहस्थानें 1826-27 च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकींतून दिसणारें दृश्य एका धातूच्या पत्र्यावर उतरविलें. निसर्गांतील दृश्याचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें छायाचित्र तें हेंच. त्यासाठीं प्रकाश इतका वेळ द्यावा लागला, कीं तेवढ्यांत सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलें चित्रांत उमटलें. पुढें 1838 सालीं दागेर ह्यानें पॅरिसमधील एका हमरस्त्याचें चित्र घेतलें. भर दिवसा त्या रस्त्यावर गाड्याघोड्यांची आणि माणसांची वर्दळ असली पाहिजे. पण चित्रांतला रस्ता ओसाड आहे. कॅमेरा कित्येक मिनिटें उघडा असल्यामुळें जें जें हालत होतें तें तें पुसलें गेलें. फक्त एक मनुष्य उरला आहे. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून! त्याच्या पायाशीं वांकलेली पॉलिशवाल्याची आकृतिहि अंधुक दिसते. छायाचित्रांत उमटलेला पहिला मनुष्य म्हणून त्या अनामिकाची गणना होते, आणि त्यानें केलेला पराक्रम एवढाच, कीं तो जागचा हालला नाहीं! ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं. शेवटीं तिच्याकडे परत यावयाचें आहे.

दागेरची कृति 1839 सालीं जगास खुली झाली, आणि ती हिंदुस्थानांत येण्यास फार काळ लागला नाहीं. 1854 सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. तींत इंग्रज अंमलदारांच्या जोडीला आपले लोकहि होते, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकींच एक. 1855 सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढें मुंबईंतील नामांकित फोटोग्राफर झाले. 1856 पासून जॉन्सन आणि हेंडरसन ह्यांनीं मुंबईंत हौशी छायाचित्रकारांसाठीं चित्रसंग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. म्हणजे ही कला आपल्या किनाऱ्यावर जन्मानंतर अवघ्या पंधरा वर्षांत रुजली.

ह्याच काळांत आपल्या किनाऱ्यावर नवीं दीपगृहेंहि उभीं राहत होतीं. मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावरील दीपगृह 1867 सालचें, आणि कुलाब्याच्या टोंकापुढील खडकावरचें प्रॉंग्ज दीपगृह 1875 सालचें. मग ह्या दिव्यांचीं त्या काळांतलीं रात्रीचीं छायाचित्रें कां असूं नयेत? कॅमेरा होता, फोटोग्राफर होते, दिवेहि होते.

ह्याचें उत्तर रसायनांत आहे. 1851 सालीं आर्चर ह्या इंग्रजानें कांचेवर कलोडियन लावून चित्र घेण्याची रीत काढली, आणि पुढें पंचवीस-तीस वर्षें तीच सर्वत्र चालली. तिच्यांत कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे आणि ती वाळण्यापूर्वींच धुवावी लागे. कोंकणांतल्यासारख्या उष्ण हवेंत हा अवधि थोड्या मिनिटांचाच. रात्रीच्या चित्राला लागणारा अर्धा-पाऊण तास ओली कांच थांबणार कशी? 1871 सालीं मॅडॉक्स ह्या इंग्रज डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची कल्पना मांडली, पुढील दहा वर्षांत ती बाजारांत आली, आणि तेव्हांपासून रात्र कॅमेऱ्याच्या आटोक्यांत आली. 1890 नंतरच्या दशकांत पॉल मार्टिन ह्यानें गॅसच्या दिव्यांतील लंडन टिपलें. 1930 नंतर ब्रासाई ह्यानें रात्रीचें पॅरिस टिपलें. तो वेळ मोजीत असे सिगारेटवर. थोडा उजेड असला तर एका जातीची सिगारेट संपेपर्यंत, काळोख दाट असला तर दुसऱ्या, अधिक वेळ जळणाऱ्या जातीची!

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या पहिल्या पिढीच्या फोटोग्राफरांचा सारा आटापिटा वेळ कमी करण्यासाठीं होता. फ्रान्समधील ल ग्रे ह्यानें 1856-57 च्या सुमारास समुद्राचीं जीं चित्रें घेतलीं, त्यांची कीर्ति झाली ती लाट जागच्या जागीं थांबविल्याबद्दल. आकाश आणि पाणी ह्या दोहोंना एकच वेळ मानवत नसे, म्हणून त्यानें कांहीं चित्रांत आकाशाची कांच वेगळी व समुद्राची वेगळी घेऊन दोहोंचा ठसा एकाच कागदावर जोडला. आजचा हौशी फोटोग्राफर नेमकें ह्याच्या उलट करतो. क्षणाच्या सहस्रांशांत चित्र घेणारें यंत्र हातीं असतांना तो भिंगापुढें मुद्दाम काळी कांच बसवितो आणि संध्याकाळच्या उजेडांतहि दोन-तीन मिनिटें कॅमेरा उघडा ठेवतो. शेंकडों लाटा येतात आणि जातात. कोणतीहि एक लाट चित्रांत राहत नाहीं. सर्वांची मिळून दुधासारखी धूसर साय खडकांभोंवतीं पसरलेली दिसते. जें साधण्यासाठीं पहिल्यांनीं जिवाचें रान केलें, तें सहज साधूं लागतांच लोक तें सोडून देऊं लागले.

फिल्मच्या काळांत आणखी एक अडचण होती. अर्धा उजेड असेल तर दुप्पट वेळ द्यावा, हा साधा हिशेब अंधारांत चुकतो. प्रकाश फार मंद झाला कीं फिल्मची ग्रहणशक्तीच घटते, आणि दुप्पट वेळ पुरत नाहीं. तिप्पट-चौपट द्यावा लागतो. ताऱ्यांचीं छायाचित्रें घेतांना कार्ल श्वार्त्सशिल्ड ह्या जर्मन ज्योतिर्विदानें 1899 च्या सुमारास ह्या घटीचा नियम बसविला, आणि तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला हा दोष लागत नाहीं. त्याचा दोष निराळा. फार वेळ चालू राहिला कीं त्याचें अंतरंग तापतें, आणि जेथें कांहींच नाहीं तेथें रंगीत ठिपके उमटूं लागतात. म्हणून बरेच जण अर्ध्या अर्ध्या मिनिटाचीं शेंसव्वाशें चित्रें घेऊन मागाहून तीं एकावर एक बसवितात.

आतां दिव्याकडे वळूं. दीपगृहाचा दिवा मूळचा फार मोठा नसतो. मोठेपण असतें तें भिंगांचें. 1823 सालीं फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहावर फ्रेनेल ह्या शास्त्रज्ञानें आपलें नवें भिंग चढविलें. एकच जाड भिंग न घेता कांचेचीं वलयें आणि लोलक अशा रीतीनें त्यानें रचले, कीं इतस्ततः पसरणारा उजेड एकवटून सरळ क्षितिजाकडे जावा. असें भिंग दिव्याभोंवतीं फिरूं लागलें कीं प्रकाशाचे झोत समुद्रावरून फिरतात, आणि दूरच्या खलाशास दिवा ठराविक अंतरानें चमकून मालवल्यासारखा दिसतो. दोन चमकांमधला काळ प्रत्येक दीपगृहाचा वेगळा असतो. त्यावरून हा दिवा कोणत्या बंदराचा, हें तांडेल ओळखतो. थोडक्यांत, दीपगृह हें वेळेच्या भाषेंत आपलें नांव सांगत असतें.

ह्या फिरत्या झोताचें चित्र घेणें दिसतें तितकें सोपें नाहीं. पहिली गोष्ट, झोत बाजूनें दिसण्यास हवेंत कांहीं तरी असावें लागतें. माघांतल्या कोरड्या, निर्मळ रात्रीं अंजनवेलच्या टोंकावर उभें राहिलें तर माथ्यावरचा दिवा लखलखतो, पण झोत जवळजवळ दिसत नाहीं. हवा दमट असली, समुद्रावरून बारीक तुषार उडत असले, म्हणजेच त्या थेंबांवर उजेड विखुरतो आणि गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या शलाका उमटतात. दुसरी गोष्ट, कॅमेरा फार वेळ उघडा ठेवला तर ह्या शलाका एकमेकींत मिसळून नुसतें तेजोवलय उरतें. आरे सुटे हवे असतील तर वेळ थोडा द्यावा लागतो. आणि थोडा दिला तर समुद्र व तारे उमटत नाहींत. तिसरी गोष्ट, झोत सरळ कॅमेऱ्याकडे वळला कीं दिव्याच्या जागीं पांढरा डाग पडतो. ह्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा. दिव्याची फेरी मनांत मोजावी, झोत आपल्याकडे येण्याच्या वेळीं पुठ्ठा भिंगापुढें धरावा आणि तो निघून जातांच काढावा. अर्धा तास असें केलें म्हणजे मनुष्याला दिव्याचा ताल अंगवळणीं पडतो. मग डोळे मिटले तरी हात बरोबर वेळीं उचलला जातो. तांडेलांना तो ताल असाच पाठ होत असला पाहिजे.

टोंकाच्या दक्षिण अंगास तिपाई रोवून कॅमेरा उत्तरेकडे लावला कीं चित्रांत आणखी एक गोष्ट येते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. त्यामुळें वीस मिनिटांत प्रत्येक तारा पांच अंशांची कमान काढतो. ह्या सर्व कमानींच्या मध्याशीं ध्रुव असतो. तोहि पूर्ण स्थिर नाहीं. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो चंद्रबिंबाच्या रुंदीहून किंचित अधिक दूर आहे. अंजनवेलला ध्रुव क्षितिजापासून सुमारें साडेसतरा अंशांवर दिसतो, कारण अंजनवेलचा अक्षांशच तेवढा आहे.

ही केवळ भूगोलाची पुस्तकी गोष्ट नव्हे. ह्याच खाडींत एके काळीं अरबस्तान आणि इराणकडून जहाजें येत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानांत फिरला. तो परतीच्या प्रवासास जहाजावर चढला तो दाभोळासच. अरब नाखुदे ‘कमाल’ नांवाची लाकडी फळी दोरीला बांधून डोळ्यांपुढें धरीत, आणि ध्रुव क्षितिजाहून किती बोटें उंच आहे तें मोजीत. बंदराबंदराचीं ‘बोटें’ त्यांना तोंडपाठ असत. त्या काळीं ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून आजच्याहून बराच लांब, सुमारें साडेतीन अंशांवर होता. त्याचा फेर हिशेबांत धरावा लागे. आज दीपगृहाच्या माथ्यावर ध्रुवाभोंवतींचीं वर्तुळें ज्या चित्रांत उमटतात, त्यांत खलाशाचा जुना वाटाड्या आणि नवा वाटाड्या एकाच कागदावर आलेले असतात.

त्या बंदराचें पुढें काय झालें, हें थोडक्यांत सांगतों. 1508 सालच्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा ह्यानें दाभोळ जाळलें. शहर पुन्हा उभें राहिलें. आदिलशाही गेली, शिवछत्रपतींचा अंमल आला. पुढें अंजनवेलचा किल्ला सिद्दीकडे गेला. 1745 च्या सुमारास तुळाजी आंग्रे ह्यानें तो जिंकून त्याचें नांव गोपाळगड ठेवलें. मग पेशवे आणि 1818 सालीं इंग्रज. त्यानंतर आगबोटींचें युग आलें. मुंबईहून निघालेली बोट दाभोळास थांबे, पडावांतून उतारू उतरत आणि लहान लाँचनें खाडीच्या वाटेनें गोवळकोटाकडे जात. चिपळूणकडच्या कित्येक कुटुंबांच्या मुंबईस जाण्यायेण्याचा तोच मार्ग. पावसाळ्यांत समुद्र बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा खुला होई. ती बोटवाहतूक आतां उरलेली नाहीं. आतां त्याच टोंकाजवळ वीजप्रकल्प आहे. 1999 सालीं त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, 2001 सालीं तो बंद पडला आणि कांहीं वर्षांनीं दुसऱ्या व्यवस्थेखालीं पुन्हा चालूं लागला. त्याचे दिवे रात्रीच्या चित्रांत पिवळट तांबूस प्रभा पसरतात. फोटोग्राफर मंडळी त्याबद्दल कुरकुर करतात. मला मात्र वाटतें, कीं कॅमेरा तेथें खरें तेंच सांगतो. जेवढा वेळ डोळा उघडा, तेवढ्या वेळांत जें जें उजळलें तें सर्व तो टिपतो. आवडनिवड त्याच्यापाशीं नाहीं.

आणि तरीहि तो सर्व टिपतो असें म्हणतां येत नाहीं. मी स्वतः ह्या टोंकावर एका अष्टमीच्या चांदण्यांत वीस मिनिटांचें एक चित्र घेतलें. घेत असतांना खालच्या पायवाटेनें एक वयस्क गृहस्थ हातांत बॅटरी घेऊन आले. मी काय करीत आहें, हें त्यांनीं विचारून घेतलें. मग थोडें थांबून म्हणाले, “काय हो, आतां मी समोरून गेलों ना, मग ह्यांत मी येईन का?” मी म्हटलें, “नाहीं काका. तुमच्या बॅटरीची रेघ येईल. तुम्ही येणार नाहीं.” ते हंसले आणि म्हणाले, “म्हणजे आमचं नेहमीसारखंच झालं म्हणायचं!” चित्र तयार झालें तेव्हां तसेंच होतें. मनोरा स्वच्छ उमटला होता, देऊळ उमटलें होतें. समुद्रावर मासेमारी करणाऱ्या होड्यांच्या दिव्यांच्या वेड्यावांकड्या रेघा होत्या. पायवाटेवरून एक बारीक उजळ ओळ गेली होती. मनुष्य एकहि नव्हता.

त्या गृहस्थांचें बोलणें पुढें बरेच दिवस मनांत राहिलें. दागेरच्या रस्त्यावर जें घडलें तेंच येथें घडलें होतें. आणि विचार केला तर दाभोळ-अंजनवेलच्या इतिहासांतहि तेंच घडलें आहे. जें जागचें हाललें नाहीं तें आपल्या हातीं उरलें: मशीद, किल्ल्याचा तट, देऊळ, मनोरा. आल्मेदाचें नांव उरलें, तुळाजीचें उरलें. पण जीं माणसें रात्रंदिवस हालत राहिलीं, तीं गेलीं. पडाव वल्हविणारे खारवी आणि दालदी, कमाल धरणाऱ्या नाखुद्याच्या हाताखालचा खलाशी, आगबोटीवर बोचकीं चढविणारा हमाल, ह्यांची फार तर एखादी उजळ रेघ राहिली. इतिहास हेंहि एक फार वेळ उघडें राहिलेलें कॅमेऱ्याचें भिंगच आहे, आणि त्याचा दोषहि तोच आहे.

दीपगृहाच्या बाबतींत हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. एके काळीं दिव्याचा राखणदार रोज कांच पुशी, तेल भरी, भिंग फिरविणाऱ्या यंत्राचें वजन ठराविक वेळानें गुंडाळून वर घेई. रात्रींतून झोप म्हणून नसे. मग वीज आली. आतां एल. ई. डी. चे लहान दिवे आले आहेत. ते स्वतःच चमकतात आणि विझतात. त्यांना फिरतें भिंग लागत नाहीं. अनेक देशांतील जुन्या मनोऱ्यांवरून फ्रेनेलचीं भिंगें उतरलीं, आणि त्यांबरोबर समुद्रावर फिरणारे झोतहि गेले. जहाजांना आतां उपग्रहांकडून जागा कळते. हें वाईट झालें असें कोण म्हणेल? ज्यांचे आप्त समुद्रांत गेले आहेत ते तरी म्हणणार नाहींत. आपल्याकडे दीपगृहांचा जुना कायदा 1927 सालचा होता. त्याच्या जागीं 2021 सालीं नवा कायदा आला, आणि ऐतिहासिक महत्त्वाचीं दीपगृहें वारसा म्हणून जाहीर करण्याची तरतूद त्यांत आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कायद्यानें मनोरा राखला जाईल, भिंगहि एखाद्या संग्रहालयांत राहील. राखणदाराच्या हाताचें कसब आणि तांडेलाच्या मनांतला ताल कायद्यानें राहत नाहीं.

म्हणून ह्या छंदांत असलेल्या तरुण मंडळींस मला एवढेंच सुचवावयाचें आहे. आपण रात्रीं अंजनवेलला, रत्नागिरीला, खांदेरीला जातां, थंडीवाऱ्यांत बसतां, सुंदर चित्रें घेतां. तीं अवश्य घ्या. फिरत्या दिव्यांचें चाक उद्यां दिसेलच असा भरंवसा नाहीं. पण परत निघण्यापूर्वीं एक चित्र थोड्या वेळाचेंहि घ्या. दिव्याची कांच पुसणाऱ्याचें घ्या, पहांटे होडी ओढणाऱ्यांचें घ्या. त्यांची संमति घेऊन मागच्या बाजूस नांव, गांव आणि तारीख लिहा. त्यांनीं सांगितलेल्या दोन गोष्टी टिपून ठेवा. त्यासाठीं तिपाई लागत नाहीं, काळी कांच लागत नाहीं. क्षणभर एकाद्या माणसासमोर उभें राहावें लागतें, इतकेंच.

त्या काकांची बॅटरीची रेघ माझ्या भिंतीवर आजहि लावलेली आहे. पाहणारे विचारतात, ही ओळ कसली? मी सांगतों, कीं येथून एक मनुष्य घरीं गेला. त्यांचें नांव मात्र मीं त्या रात्रीं विचारलें नाहीं. वीस मिनिटें मजजवळ होतीं. आणि नांव विचारण्यास अर्धें मिनिटहि लागलें नसतें.